होड्या, घर आणि हिवाळ्याची एक अट

मी, खाली सही करणारी, वय अडुसष्ट, तळ्यावरच्या होडीवाल्यांची बायको, आता विधवा. डोकं ठिकाणावर आहे. हे मी कोणाच्या बळजबरीने लिहीत नाही. माझ्यावर बळजबरी करायची आमच्या घरात कोणाची छाती नव्हती. माझ्या माघारी पुढीलप्रमाणे व्हावे.

१. दहा होड्या, वल्ही, तिकीटघर व शेड धाकट्या मुलाला. धंदा उन्हाळ्याचा, पण जीव काढतो तो हिवाळा, हे त्याने सुनेला नीट समजावून सांगावे. होड्या बाहेर ओढून उलट्या घालायच्या, तळ खरवडायचे, फटी बुजवायच्या, रंगाचे दोन हात द्यायचे. मधल्या वेळात परवान्यासाठी कचेरीत खेपा. शिवाय चूल पेटती राहावी म्हणून मी शिवणही घेत असे.

२. शिलाई मशीन सुनेला. चालते, फक्त तेल मागते.

३. माझे दीर दर हिवाळ्यात शेडच्या दारात उभे राहून म्हणत आले, "तुमचं बरं आहे, चार महिने कमवा, आठ महिने लोळा." त्यांना तळ खरवडायचे पाते द्यावे. एक होडी पुरी करावी, मग माझा वाद नाही.

४. राहते घर थोरल्या मुलीला. धाकट्याने हरकत घेऊ नये. कारण लिहून ठेवते. सात वर्षांपूर्वी ऐन हिवाळ्यात यांच्या छातीत कळ येऊ लागली. मुलगी म्हणाली, "आई, बाबांना आजच डॉक्टरकडे ने." मी म्हटलं, "चार होड्या राहिल्यात. रंग झाला की जाऊ." यांनीही माझीच री ओढली. तिसऱ्या दिवशी दुपारी हे होडीला टेकून बसले, ते उठलेच नाहीत. माणसं जमेपर्यंत, उघडलेल्या डब्यातला रंग वाळू नये म्हणून, मी त्या होडीची उरलेली बाजू रंगवून टाकली. मुलीने ते पाहिले. मला रडू आले नाही, अजून आलेले नाही. ती येते, स्वयंपाक करते, जाते. शेडमध्ये पाऊल टाकत नाही. माफी कशी मागतात ते मला ठाऊक नाही. म्हणून घर देते.

५. धाकट्याला अट: हिवाळ्यात घरात कोणाचे काही दुखले, तर काम त्याच दिवशी थांबेल. होडी अर्धी रंगलेली असली तरी.

६. माझ्या पोटात गाठ निघाली आहे. डॉक्टरांनी उद्याचे ऑपरेशन ठरवले आहे. सहा होड्या अजून व्हायच्या आहेत. हंगाम होऊ दे, मग बघू, असे धाकट्याचे म्हणणे पडले. त्याचा दोष नाही, हे त्याने माझ्याकडूनच उचलले. मी मुलीला फोन लावला. एवढेच म्हटले, "मला ने."

तिने दवाखान्याचे नाव विचारले. मग म्हणाली, "सकाळी सहाला येते. तयार राहा."

पिशवी भरून ठेवली आहे. शेडला कुलूप घातले आहे.

सही: होडीवालीण

साक्षीदार:
१. सुतार, आमच्या होड्यांच्या फटी बुजवणारे (सही)
२. शेजारच्या निवृत्त शिक्षिका. शुद्धलेखन यांनी तपासले, मजकुराला हात लावला नाही (सही)

स्थळ: राहत्या घराची पुढची खोली
तारीख: नऊ जानेवारी