बाबांचा डावा अंगठा

शनिवार संध्याकाळ, आर्णी

अर्धांगवायूच्या झटक्यापासून बाबांचा डावा हात मांडीवर नुसता पडून असतो. बोटं हलवत ठेवा, असं डॉक्टर म्हणाले, म्हणून या आठवड्यात त्यांना मोबाइलवर गेम लावून दिले. गाड्यांच्या शर्यतीत ते प्रत्येक वळणावर ब्रेक दाबून मागच्यांना पुढे जाऊ देतात. बंदुकीच्या गेममध्ये गोळीच झाडेनात. ‘त्यानं माहं काय बिघडवलं? काहून मारू त्याले?’ दोन्ही खेळ एकट्या उजव्या हातानं. डावा मांडीवरच. मी फार घाई करते आहे का?

आज शेतीचा गेम लावला. कपाशी बघता बघता फुटली, तसे हसले. ‘कोन्त्या कंपनीचं बियानं हाय वं हे? मले दोन थैल्या आन.’

मग स्क्रीनच्या डाव्या कोपऱ्यातून रानडुकरं शिरली. ‘हाड! हाड!’ बाबा ओरडले आणि अंगठ्यानं त्यांना हाकलू लागले. डाव्या. थरथरत होता, पण डावाच. मी गप्प राहिले. बोलले असते, तर त्यांनी हाताकडे पाहिलं असतं आणि तो थांबला असता. आईलाही दारातच खुणेनं थोपवलं.

डुकरं पळाली. बाबा स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाले, ‘येऊ दे अजून साल्याइले.’