पंचवीसपट

२ मार्च, रविवार
आजपासून रोजनिशी. योजना असलेल्या माणसाकडे नोंदी हव्यात.

योजना: ऑगस्टमधली क्लबची जोडी-स्पर्धा जिंकणे. जोडीतला एक नेम धरतो, दुसरा शेजारी बसून तिपाईवरच्या मोठ्या दुर्बिणीतून गोळी कुठे लागली ते सांगतो. नेम धरणार मी. सांगणार बायको, डोरीन. गेल्या वर्षी आम्ही शेवटून दुसरे आलो. शेवटचे आलेले नवरा-बायको निम्म्यातून घरी गेले होते, हे इथे लिहायची गरज नाही.

दोष माझा नव्हता, रायफलचा होता. हरणांसाठी घेतलेली रायफल ती. हरीण केवढं मोठं असतं! कागदावरच्या काळ्या ठिपक्याचं तसं नसतं.

निर्णय: नवी रायफल, आपल्याला हवी तशी घडवून. एक रायफल, तिच्यावर एक स्कोप (नेमाची दुर्बीण), विषय संपला. डोरीनला सांगितलं. ती म्हणाली, "तू विषय संपला म्हणालास की मी चेकबुक लपवते."

९ मार्च, रविवार
बाहेर अजून बर्फ. दिवसभर किचनच्या टेबलावर कॅटलॉग. जेवण सोफ्यावर.

स्कोप कितीपट मोठं दाखवणारा घ्यावा, हा मुख्य प्रश्न. समोरच्या घरातला मर्व ओल्सटॅड सलग तीन वर्षं जिंकतोय आणि त्याचा स्कोप दहापट दाखवतो. म्हणजे पंचवीसपट घेतला की मी अडीचपट पुढे. हिशेब सरळ आहे. लोक उगाच अवघड करतात.

२२ मार्च, शनिवार
स्कोप आला! रायफल अजून नाही, म्हणून नुसताच स्कोप खिडकीत उशीवर ठेवून पाहिला. मर्वच्या अंगणात त्याचं कुत्रं बसलं होतं. स्कोपमधून कुत्रं दिसलं नाही. कुत्र्याचं नाक दिसलं. नाकावरचा ओलावासुद्धा दिसला. स्पष्टता म्हणतात ती हीच.

मग नाक हललं, आणि बराच वेळ कुत्रं सापडेना. सापडलं तेव्हा त्याच्या शेजारी मर्व. डोळ्याला दुर्बीण लावून माझ्याकडेच बघत होता. लगेच फोन. "वेंडेल, माझ्या कुत्र्याकडे काय बघतोस रे?" मी म्हटलं, चाचणी चालू आहे. तो म्हणाला, "कुत्रं पास झालं का?"

माणूस घाबरलेला दिसतो.

५ एप्रिल, शनिवार
थेल्माकडे गेलो. तिचं बंदूक-दुरुस्तीचं दुकान धान्याच्या कोठाराच्या मागे. आमच्या अर्ध्या जिल्ह्याच्या रायफली तिच्या हाताखालून गेल्यात आणि त्यांच्या मालकांबद्दल तिचं मत फारसं चांगलं नाही.

तिने विचारलं, "काय करणार आहेस हिचं? हरणं मारणार, कागद मारणार, की मित्रांना दाखवणार?" मी म्हटलं, तिन्हीला चालेल अशी कर. ती म्हणाली, "मग तिसऱ्याला चालेल अशी होईल."

सांगितलेल्या गोष्टी: जाड नळी (जाड म्हणजे स्थिर). हलका चाप. दस्त्यावर गाल टेकवायला वर-खाली होणारी गादी. पुढे दोन पाय. नळीच्या तोंडावर धक्का कमी करणारं भोकांचं टोपण. रायफल तिरपी झाली तर कळावं म्हणून गवंड्याच्या पाणसळीत असतो तसला पाण्याचा बुडबुडा. थेल्मा म्हणाली, "कप ठेवायला जागा करू?"

हा पर्याय आहे हे मला माहीत नव्हतं. विचार करतो म्हणालो. दुकानातली दोन माणसं हसली. कशाला, कळलं नाही.

३ मे, शनिवार
रायफल घरी! दस्त्याचा रंग वाळवंटी. डोरीन बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "ग्रेटामावशीच्या सोफ्याचा रंग आहे हा." मी म्हटलं, हा सैनिकी रंग आहे. ती म्हणाली, "मावशीचे मिस्टर सैन्यात होतेच की."

आता मला तो सोफाच दिसतो. रायफल खांद्याला लावली की मावशीच्या घरातल्या मोरावळ्यासारख्या त्या गोड जॅमचा वास येतो. रंग बदलणे आवश्यक.

४ मे, रविवार
स्कोप बसवायला घेतला. तो धरून ठेवणाऱ्या कड्या सैल. स्कोपची नळी बारीक, मी मागवलेल्या कड्या मोठ्या. स्कोप आत खुळखुळ्यासारखा हलतो. कंपनीने कड्यांची मापं अधिक ठळक छापायला हवीत. (ठळक छापलेली आहेत. पण लाल रंगात. लाल आकड्याकडे माणूस इशारा म्हणून बघतो, माप म्हणून नाही.)

१७ मे, शनिवार
रंग हिरवा झाला. कड्या बरोबर आल्या. सगळं जोडून उचललं आणि खाली ठेवलं. ताकद कमी पडली असं नाही. वजनाचा नीट अंदाज घेत होतो.

क्लबमध्ये गाडी उभी करायच्या जागेपासून गोळीबाराच्या ओळीपर्यंत चढ आहे. उपाय: दोन चाकांची ढकलगाडी. मागवली. रायफल जड असणं हा गुण आहे. जी वस्तू उचलवत नाही ती हलत नाही.

३१ मे, शनिवार
क्लबवर पहिला दिवस. सुंदर ऊन. ढकलगाडी बघून मर्वने पापा घेतल्यासारखा आवाज काढला आणि आत वाकून विचारलं, "बाळ झोपलंय का?" दुर्लक्ष केलं.

पहिली गोळी. धक्का जवळजवळ नाही! टोपण उत्तम काम करतं. धक्का जातो कुठे, तर बाजूला. बाजूला मर्व होता. धूळ, वाळकं गवत आणि एक दणदणीत वारा त्याच्या अंगावर. त्याच्या हातातला रुबार्बच्या आंबटगोड पेस्ट्रीचा तुकडा उडून त्याच्याच शर्टावर बसला. तो म्हणाला, "वेंडेल, अजून एक मार, म्हणजे कॉफीपण अंगावरच घेतो."

कागदावर एकही भोक नाही. अर्थात रायफल अजून जुळवून घेतेय. डोरीन दुर्बिणीतून बघून म्हणाली, "गोळ्या कागदाच्या वरून जाताहेत." नंतर मी स्कोपची फिरकी फिरवली. "आता खालून जाताहेत." म्हणजे मधे कुठेतरी आहे. प्रगती.

२१ जून, शनिवार
गेले दोन आठवडे सराव नाही. गारपीट. पिकांचा विमा विकणाऱ्या माणसाने जूनमध्ये छंद ठेवू नये. दिवसभर लोकांच्या शेतात वाकून मोडलेला गहू मोजायचा आणि त्यांनी माझ्याकडे गारा मीच पाडल्यासारखं बघायचं.

आज मात्र गोळ्या कागदावर. पाच गोळ्या, एका ताटलीत मावतील अशा. डोरीन म्हणाली, "कुठली ताटली? थँक्सगिव्हिंगला अख्खी टर्की ठेवतो ती?" साधारण तीच.

चाप अजून हलका करून घ्यावा का?

१९ जुलै, शनिवार
एका मूलभूत अडचणीचा शोध लागला: डोरीन बोलते.

मी श्वास सोडून चाप दाबायच्या बेतात, आणि ही म्हणते, "थांब, डावीकडून वारा आलाय, गवत बघ." मी थांबत नाही, कारण चाप आधीच अर्धा दाबलेला. गोळी उजवीकडे. मग ती काही बोलत नाही, पण ज्या तऱ्हेने बोलत नाही ते ऐकू येतं.

घरी येताना पिकअपमध्ये शांतपणे समजावून सांगितलं. नवा नियम: मी एकदा पालथा झोपलो की दहाच्या दहा गोळ्या संपेपर्यंत एक शब्द नाही. तिने विचारलं, "काहीही झालं तरी?" मी म्हटलं, काहीही झालं तरी. "खुणा?" मी म्हटलं, खुणा नाहीत, हात लावायचा नाही. ती म्हणाली, "बरं."

इतक्या लवकर ऐकलं! आधीच सांगायला हवं होतं.

१५ ऑगस्ट, शुक्रवार
उद्या स्पर्धा. रायफल पुसली. स्कोपच्या काचा पुसल्या. बुडबुडा मध्यभागी. चषक ठेवायला दिवाणखान्यातली डोरीनच्या आईची फुलदाणी थोडी सरकवून पाहिली. डोरीनने ती परत जागेवर ठेवली. मी नुसता अंदाज घेत होतो.

१६ ऑगस्ट, शनिवार
जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.

माझा क्रमांक सहा, मर्वचा सात. तीनशे यार्डांवर कागदांची रांग, प्रत्येकाच्या वर आकड्याची पाटी. मी झोपलो. गालाची गादी बरोबर. श्वास बरोबर. पंचवीसपट. काळा ठिपका जेवणाच्या ताटाएवढा, बाकी जगात दुसरं काही नाही.

पहिली गोळी मधोमध. दुसरी तिच्या शेजारी. आयुष्यात मी अशी नेमबाजी केली नाही. तिसऱ्या गोळीनंतर डोरीन एकदम "हं!" असा आवाज काढून हलली. मी बोटाने 'गप्प' अशी खूण केली. पाचवीनंतर तिने माझ्या बाहीला हात लावला. मी बाही काढून घेतली. सातवीनंतर थर्मास उघडल्याचा आवाज आला. ती कॉफी ओतून घेत होती. मला वाटलं, निश्चिंत झाली बिचारी.

दहाही गोळ्या माझ्या तळहाताखाली झाकतील अशा. उठलो. चार लोक बघत होते म्हणून टोपी काढली.

कागद आणले गेले. सहा नंबरचा कागद कोरा. नवा कोरा. त्यावर भेटवस्तू बांधता आली असती. सात नंबरवर वीस भोकं: दहा मर्वची, इकडेतिकडे, आणि दहा बारीक, सुंदर, एकमेकांना चिकटलेली. माझी गोळी बारीक आहे, त्यामुळे वादाला जागा नव्हती.

स्कोपमधून मला पाटी दिसत नव्हती. फक्त ठिपका दिसत होता. ठिपके सगळे सारखेच असतात.

मी डोरीनला म्हटलं, तुला दिसत होतं? "तिसऱ्या गोळीपासून." मग सांगितलं का नाहीस? ती म्हणाली, "काहीही झालं तरी."

मर्वला विचारलं, तुला तुझ्या कागदावर जास्तीची भोकं दिसली नाहीत? तो म्हणाला, "दिसली की. मला वाटलं आज मी भलताच फॉर्मात आहे. मधे बोलून कशाला नजर लावा?"

समितीने दोघांच्या गोळ्या वेगळ्या मोजल्या. मर्व पहिला. मला शून्य. यंदा घरी कोणीच लवकर गेलं नव्हतं.

परतताना डोरीन गाडी चालवत होती. पूल ओलांडला. मग तिने पिकअप कडेला घेतला, स्टिअरिंगवर डोकं टेकवलं आणि खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतेय. तिच्या पाठीवर हात ठेवला. ती रडत नव्हती.

१७ ऑगस्ट, रविवार
कारणमीमांसा: पाट्यांवरचे आकडे फार लहान. क्लबला फोन करून ठामपणे सांगितलं. मर्वच अध्यक्ष आहे. तो म्हणाला, मुद्दा एकदम बरोबर आहे, आणि आकडे नव्याने रंगवायचं काम एकमताने मला दिलं. माझं ऐकलं जातं.

२३ ऑगस्ट, शनिवार
क्लबवर पाट्या रंगवल्या. एक ते बारा. नऊचा आकडा थोडा सहासारखा झालाय, पण तो एकटाच बघितला तर.

डोरीन सोबत आली होती. कंटाळली. म्हणाली, रंग वाळेपर्यंत मारून बघू का? मी म्हटलं, रायफल फार नाजूक जुळवणीची आहे. तिने स्कोप फिरवून दहापटीवर आणला. मी डोळे मिटून घेतले. ती गुरांच्या रँचवर वाढलेली, लहानपणी कोल्हे पळवायला बंदूक धरायची, हे मला माहीत होतं. पण ते कोल्हे होते.

ती मधेच थांबायची. गवताकडे बघायची. परत गाल टेकवायची. दहा गोळ्यांना इतका वेळ लावला की मला वाटलं बंदूक अडकली.

मर्व दुर्बिणीतून बघत होता. बराच वेळ काही बोलला नाही. मर्वच्या बाबतीत हे गंभीर लक्षण.

मी म्हटलं, बघा, रायफल चांगलीच आहे. मर्वने डोरीनसमोर टोपी काढली.

३१ ऑगस्ट, रविवार
सकाळी मर्व दारात. टोपी हातात, केस ओले करून विंचरलेले. जिल्ह्याच्या स्पर्धेत त्याच्या जोडीला त्याचा मेव्हणा असतो. मेव्हण्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन. "वेंडेल, तुझी काही हरकत नसेल तर... म्हणजे डोरीनला विचारावं म्हणतो." घरात मुलगी मागायला आलाय असं वाटलं. मी विचारलं, दुर्बिणीवर बसायला? तो टोपीकडे बघत म्हणाला, "नाही रे. दुर्बिणीवर मी."

आतून डोरीनचा आवाज आला, "हो म्हणून सांग."

मी हो म्हटलं. एक अट घातली: रायफल माझीच वापरायची.

६ सप्टेंबर, शनिवार
थेल्माकडे. डोरीनच्या हाताच्या मापाने दस्ता आखूड केला. टोपण काढलं, कारण दुर्बिणीवर बसणाऱ्या मर्वने हात जोडले. गालाची गादी काढली. बुडबुडा काढला. जाड नळी राहिली, ती काढता येत नाही. माझ्या सगळ्या सुधारणा बुटाच्या एका खोक्यात मावल्या. थेल्माने खोकं माझ्या हातात दिलं आणि पहिल्यांदाच टोमणा मारला नाही. त्यापेक्षा मारला असता तर बरं.

रायफल डोरीन एका हाताने उचलते.

१३ सप्टेंबर, शनिवार
ते दोघं पहाटे गेले. मला चल म्हणाले होते. मी म्हटलं, घरी कामं आहेत.

कामं: अंगण झाडलं. परत झाडलं. जेवायला खिम्याचा मीटलोफ केला. एका बाजूने काळा झाला. ओव्हनला दोष देणार होतो, पण आज तेवढा उत्साह नाही.

संध्याकाळी पिकअप आला. दोघं दुसरे आले. डोरीनच्या हातात लाल फीत, ती तिने लगेच खिशात कोंबली, माझ्यासमोर. मीटलोफची काळी बाजू स्वतःच्या ताटात घेतली आणि सगळं सांगितलं: कुठल्या गोळीला वारा फिरला, मर्व कसा तोंडात बोटं घालून बसला होता, शेजारच्या रांगेतली बाई किती छान मारत होती. मी ऐकत होतो. स्कोप कितीपटीवर होता ते विचारलं नाही.

मग म्हणाली, "शेवटची गोळी राहिली होती. मी मागे वळून बघितलं, तर तू नव्हतास."

 मी मीठ पुढे सरकवलं.

ती म्हणाली, "पुढच्या शनिवारी सराव आहे. येशील?"

मी म्हटलं, बघतो, जमलं तर.

शनिवारी मला काहीही काम नाही.