रेघोबाचे डोळे

मी, सदानंद भास्कर चुरी, वय एकसष्ट, धंदा बोर्ड रंगवण्याचा, राहणार आगाशी, पूर्ण शुद्धीत हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. कोणाची जबरदस्ती नाही. असती तर सोळा वर्षांपूर्वीच लिहून मोकळा झालो असतो.

१. राहते घर मुलगा सिद्धेश यास व बँकेतील शिल्लक पत्नी लीला हिस. सिद्धेशने फ्लेक्सचे मशीन घरात आणू नये. त्या वासाने मला मेल्यावरही शिंका येतील.

२. माझे ब्रश, रंग व शिडी माझ्याहून वीस वर्षांनी धाकटी बहीण यमुना विद्याधर राऊत, राहणार फुलपाडा, हिस. ती नको म्हणेल. तरी पोचवावे.

३. दुकानाच्या भिंतीवर रेघोबा आहे, एका हातात बोरू, दुसऱ्यात ब्रश. लिहिणाऱ्या-रंगवणाऱ्यांचा हा देव आमच्या आजोबांनी मानलेला, दुसरीकडे सापडायचा नाही. दर दसऱ्याला तो नव्याने काढायचा. ज्याने काढला त्यानेच शेवटी डोळे रंगवून उघडायचे आणि खाली नाव लिहायचे, अशी रीत.

१९९० चा रेघोबा यमुनेने काढला. डोळे राहिले आणि ती टायफॉइडने पडली. डोळे मी उघडले, खाली माझे नाव लिहिले. डावा तिरळा झाला. तरी देव इतका देखणा की माझ्या सत्काराचे बोलावणे आले. बरी झाल्यावर तिने विचारले, "दादा, माझं नाव कुठंय?"

"तुझं लग्न जमायचंय. शिडीवर चढणारी मुलगी कोण करून घेईल?"

"मग डोळे तरी सरळ काढायचेस."

त्यानंतर तिने ब्रश धरला नाही. लग्नाचे कारण खोटे होते. मला शाल हवी होती. रेघोबा पुन्हा रंगवला नाही, कारण तसा मला जमलाच नसता. मला त्याची लाज वाटते.

४. मी गेल्यानंतर माझे नाव व ते डोळे पॉलिश पेपरने घासून काढावेत. डोळे यमुनेने उघडावेत, नाव तिचे लिहावे. तिने नकार दिल्यास दुसऱ्या कोणी हात लावू नये.

हे वाचून साक्षीदार हिलरी म्हणाला, "सदा, म्हणजे तू मरेपर्यंत तिनं थांबायचं?"

सबब कलम ४ मधील 'मी गेल्यानंतर' हे शब्द खोडून 'येत्या दसऱ्याआधी' असे वाचावे. कलम २ मधील सामान मी स्वतः उद्याच्या बसने नेत आहे.

ठिकाण: आगाशी
दिनांक: २४ सप्टेंबर २००६

सही: सदानंद भास्कर चुरी
साक्षीदार: १. हिलरी परेरा, गिरीज २. अनिश म्हात्रे, आगाशी

खाडाखोड मान्य. नाव आज दुपारी घासले. डोळ्यांना हात लावला नाही, ते तिला विचारून.
सही: सदानंद