देवमाशाचं वय

शिमोनोसेकी, फेब्रुवारी

प्रिय कियोहारू,

तुझ्या न्यूझीलंडमध्ये आता उन्हाळा असेल. इथे समुद्रावरून बोचरा वारा सुटलाय आणि मी संस्थेतल्या खोलीत हीटर पायांशी ओढून बसले आहे. मार्चअखेर निवृत्त होतेय. आई गेल्यापासून घरी जायची घाई नसते, त्यामुळे सगळे गेले तरी मी इथेच रेंगाळते. काल दिवसभरात बोलणं झालं ते फक्त बाजारातल्या तोमेको आजींशी. मासळी कागदात गुंडाळता गुंडाळता म्हणाल्या, "तो उंच मुलगा, देवमाशांपायी भांडून परदेशी गेला तो, आहे का अजून?" आहे म्हटलं. "मग बोलाव की त्याला. तू एकटी किती दिवस बांगडे खाणार?"

आपण दोघं या संस्थेत होतो तेव्हा तू दक्षिणेच्या समुद्रात देवमाशांच्या शिकारीच्या एकाच मोहिमेवर गेलास आणि आलास तो गप्पच झालास. धक्क्यावरच्या नूडल्सच्या दुकानात कधीतरी बोललास. "मादी गाभण होती, नात्सुए. आम्ही पिल्लाचीही लांबी मोजली." मग म्हणालास, "संशोधनासाठी मारायचं आणि मांस बाजारात विकायचं. यातलं संशोधन किती आणि धंदा किती, तूच सांग." मी म्हणाले, "मारल्याशिवाय वय कसं कळणार? त्याला विचारून?" तू हसला नाहीस. पण वय कळल्याशिवाय कळप वाढतोय की घटतोय हे सांगता येत नव्हतं, आणि वय असायचं त्याच्या कानात, साठून घट्ट झालेल्या मळाच्या खड्यात, झाडाच्या खोडात असतात तशा वलयांत. जिवंत देवमाशाच्या कानात कोण हात घालणार होतं? मारलेल्या माशाचा एक आकडाही वापरणार नाही, असं सांगून तू गेलास. मलाही चल म्हणाला होतास. मी खडे कापत राहिले.

मग एकदम दिसलास तो देवमाशांच्या शिकारीवरच्या आंतरराष्ट्रीय आयोगाच्या शास्त्रज्ञ समितीच्या बैठकीत, समोरच्या बाजूला. संशोधनासाठी मारायचा परवाना आपलंच सरकार आपल्याच संस्थेला द्यायचं. ती समिती फक्त मत देऊ शकायची, थांबवू शकायची नाही. तू मला इंग्रजीत विचारलंस, "या प्रश्नाचं उत्तर न मारता मिळणार नाही, याची खात्री तुम्ही कशी केलीत?" मी बराच वेळ बोलले आणि त्या प्रश्नाचं उत्तर सोडून सगळं सांगितलं. बाहेर व्हरांड्यात तू जवळ आलास आणि आपल्या गावच्या बोलीत विचारलंस, "गुडघा अजून दुखतो का गं?" त्यानंतर बाथरूममध्ये जाऊन मी किती वेळ नळ सोडून उभी होते, ते तुला माहीत नाही.

पुढचं तुला ठाऊकच आहे. हेगच्या कोर्टाने सांगितलं की दक्षिणेतल्या त्या शिकारीला संशोधन म्हणता येणार नाही. तोमेको आजी तेव्हा म्हणाल्या, "काय बाई, तुमचं शास्त्र नापास झालं म्हणे." काही वर्षांनी देश आयोगातूनच बाहेर पडला. आता आपल्याच समुद्रात मांसासाठी उघड मारतात, संशोधनाचं नाव लावावं लागत नाही. माझ्या खोलीत वय विचारायला फारसं कुणी येईनासं झालं.

रिकाम्या वेळात तुझे लेख वाचत होते. बाणाने नखाएवढी कातडी काढायची, मासा पोहत निघून जातो, आणि कातडीतल्या डीएनएवरून तू वय सांगतोस. शेवटी तू लिहिलं होतंस की ही पद्धत पडताळायला खात्रीचं वय ठाऊक असलेले मासे हवेत, आणि तेवढे तुमच्याकडे नाहीत. माझ्याकडे आहेत. मी वाचलेल्या प्रत्येक खड्याच्या माशाची कातडी इथल्या शीतपेटीत आहे. गेल्या शरदापासून मी एकटी तेच करत होते. आधी कातडीवरून वय काढायचं, मगच खड्याशी ताडून बघायचं. सुरुवातीला ते चुकावं असंच वाटत होतं, हे लपवत नाही.

चुकलं नाही. अगदी म्हाताऱ्या माशांमध्ये थोडा फरक पडतो, बाकी सगळं जुळतं. आमचे प्रमुख कुरामोची यांना दाखवलं. माणूस वाईट नाही. चहा गार होईपर्यंत बघत राहिले. म्हणाले, "बाई, हे छापलंत तर आपण इतकी वर्षं काय करत होतो, असं लोक विचारतील." मी म्हटलं, विचारू देत. तेव्हा दुसरा मार्ग नव्हता असं मी अजूनही सांगेन, पण आता आहे, आणि यापुढे वयाचं कारण सांगून कुठल्याच देशाला परवाना मागता येऊ नये. मी एकटीने छापलं तर तुमचे लोक विश्वास ठेवणार नाहीत आणि आमचे मला वेड्यात काढतील. तुझं नाव हवं. त्यासाठी तुला तुझा शब्द मोडावा लागेल, हे जाणूनच मागते आहे. तू नाही म्हणालास तर मी परत विचारणार नाही. पण कियोहारू, आपली दोघांची नावं एका ओळीत लिहिलेली बघावीत, असं मला फार पूर्वीपासून वाटत आलंय.

तुझीच,
नात्सुए