मोऱ्याच्या पाठीतली चरबी

लालबर्रा,
चैत्र वद्य तृतीया, सन १९७५

चि. सौ. अहिल्या हिले शेवंताचे आशीर्वाद. इकडं सगळे जिवंत आहेत. तुमच्या हट्टा गावची खुशाली तुह्या नवऱ्यानं, मुकुंदभाऊजीनं सांगितली, म्हणून पुसत नाही. तू बारीक झालीस एवढं कळलं.

आता बालाघाटची गोष्ट आईक. तुह्या नवऱ्यानं अर्धीच सांगितली असन. त्यायले गोष्ट सांगता येत नाही, पहिलेच शेवट सांगून टाकतात.

ढोरांच्या दवाखान्यात जबलपूरचा डाक्टर मशीन घेऊन आलता. डबाच म्हण. बैलाच्या पाठीवर तेल चोपडते, त्यावर एक दांडी धरते, आन् डब्याच्या काचेत हिरवी रेघ उड्या मारते. म्हणे आवाज आत जाते, चरबीले आपटून वापस येते. मी म्हटलं, "मले तं काही ऐकू नाही आलं." तो म्हणे, "बाई, ये आवाज कान से सुनाई नहीं देती."

"मंग त्याले आवाज काहून म्हणता?"

लोक हासले. मी नाही हासली. मले खरंच पुसायचं होतं.

वाटणीत बैल बी वाटले, मोऱ्या आमच्याकडं आला, पाखऱ्या तुमच्याकडं. लागलेली जोडी फोडणाऱ्या त्या पंचायचं तोंड पाहायची इच्छा नाही. दिवाळीपासून मोऱ्याले काम नाही, पण सरकीची ढेप मी रोज चारली. आंग असं चमकते, की दुलीचंद दलाल गोठ्यापाशीच घुटमळते. एकट्या बैलानं नांगर होत नाही, म्हणून आमच्या ह्यायनं, तुह्या भासऱ्यायनं, त्याले विकायचं ठरवलं. विकायच्या आधी मशीनले दाखवू, म्हणून गेलतो.

पण मोऱ्या उभा राहीन तं ना! तेल लागलं की लाथ. डाक्टर डबा छातीशी धरून भिंतीले चिकटला. तेवढ्यात भाऊजी पाखऱ्याले घेऊन फाटकातून आत. मले माहीत नव्हतं ते येतीन म्हणून. पाखऱ्यानं दावं हिसकलं, सरळ आला आन् मोऱ्याच्या डाव्या अंगाले मान खाली घालून उभा राह्यला, जसं कोणी आता जू ठेवणार आहे. मोऱ्या मेंढरावानी गप. डाक्टर म्हणे, "इसको पहले क्यों नहीं लाए?"

तुहे भासरे आन् तुहा नवरा, दोघं बी आभाळाकडं पाहत होते. आभाळात काहीच नव्हतं.

मंग मोजलं. मोऱ्याच्या पाठीत चरबीच चरबी. "ये ताकत नहीं है बाई. ढेप बंद करो, काम पे लगाओ. अभी बेचोगी तो दाम अच्छा मिलेगा, लेकिन लेनेवाला हल में जोतेगा और गाली देगा." पाखऱ्याचं उलटं. मास घट्ट, चरबी नावाले नाही. त्याले ढेप पाहिजे, तीही आत्तापासून, नाहीतं नांगराले टिकणार नाही. तवा भाऊजीनं कबूल केलं की तुमच्याकडं नुसती धानाची तणस आहे. तू मेली असती तरी मले हे कळवलं नसतं.

आता तूच पाह्य. माह्याकडं ढेपीची पोती पडली आहेत आन् खाणाऱ्याले बंदी झाली. तुह्याकडं खाणारा आहे, ढेप नाही. पाखऱ्या इकडं आला तं रोहिणी लागेपर्यंत दोघं बरोबरीले येतीन. आमचं वावर नांगरून होईन, तुमच्या हिश्शाचं पडीत आहे तेही होईन. हे मी बैलासाठी लिहून राह्यली, भलतं समजू नको.

बाकी घरी ठीक. आंबे उतरवले. लोणचं नाही घातलं. फोडी करायले बसली होती, एकटीले कंटाळा आला, उठली. तुह्या भासऱ्यायशी काही बी बोला, ते "हौ" म्हणतात. अशानं भांडण होते का कधी?

दुलीचंद आयतवारी दोर घेऊन येणार आहे. त्याच्या आधी पाखऱ्या आला तं मी दुलीचंदले दारातूनच वापस लावते. भासऱ्यायची काळजी करू नको, ते हौ म्हणतीन. पाखऱ्या नाही आला तं मोऱ्या गेला समज.

भाऊजीच्या हातानं धाडू नको, ते रस्त्यात तंबाखू खात बसतात. तू सोता घेऊन ये. आन् बैल बांधून लगेच परत फिरायचं असन, तं येऊच नको.

वाटणीनंतर बी तुही मोठी जाऊ,
शेवंता