पाट्यावर घासलेलं हेड

२ एप्रिल १९५६, सोमवार
कळसची जत्रा तेवीस दिवसांवर. गेल्या जत्रेला कळसच्या चढावर माझी फटफटी बंद पडली आणि मानसिंग नावाच्या बागाईतदाराने ती बैलगाडीमागे बांधून, पुढे हलगी वाजवत, गावातून ओढत नेली. मी पाटबंधारे खात्याचा कारकून, वर हॅण्डल धरून बसलेलो! वर्षभर हे गिळलं आहे. यंदा तोच चढ फुल स्पीडमध्ये. मानसिंगच्या गाडीभोवती तीन फेऱ्या. त्याच्या पटक्यावर धूळ बसली पाहिजे. मग सावकाश विचारायचं, काय मानसिंगराव, ओढू का? दाढी करताना रोज म्हणून बघतो. छान जमतंय.

३ एप्रिल
फटफटी कुंडलिक मिस्त्रीकडे. त्याने इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं झाकण, काढलं. त्यावर पोलादी पट्टी धरून खालून येणारा उजेड दाखवला. म्हणाला, सावळारामभाऊ, हेड वाकलंय, चढाला सगळा जोर हितनं बाहेर जातोय. पुण्यास्नं दुसरं आणा, ह्ये काय ऱ्हायलं न्हाय.
दुसरं आणणार नाही. अपमान ज्या हेडचा झाला, सूडही त्याच हेडने घेतला पाहिजे. नवं घातलं तर मानसिंग म्हणायचा, नव्या हेडवर कुणीबी चढंल. शिवाय कुंडलिकची सासुरवाडी कळसची. काय ते समजलो.

७ एप्रिल
चौकशी केली. वाकलेलं हेड जाड काचेवर घासून सपाट करतात. तसली काच बारामतीत मिळाली नाही. घरी पाटा आहे. काच फुटते, दगड फुटत नाही. हे कुणाच्या डोक्यात कसं आलं नाही?

८ एप्रिल, रविवार
वाळू, रॉकेल, पाटा. पहाटे पाचपासून दोन तास घासलं. दर घासेला मानसिंगचं नाव घेतलं. हुरूप येतो.
सौ. उठली. म्हणाली, पाटा सपाट असतो असं तुमाला कुणी सांगितलं? अकरा वर्षं वाटून वाटून मधे खोल गेलाय. वर परवाच टाकी लावून खडबडीत करून घेतलाय.
बायकांना इंजिनिअरिंग काय कळणार. उद्यापासून तीन तास.

११ एप्रिल
जेवताना ठेच्याला रॉकेलचा वास. पाटा नीट धुवायला नको? हे बोललो. बोलायला नको होतं.

१३ एप्रिल
सौ. आता शेजारी ठमाबाईंच्या पाट्यावर वाटण वाटते. जाताना आणि येताना एकेक वाक्य टाकते. दोन्ही इथे लिहिण्यासारखी नाहीत. याचाही हिशेब मानसिंगच्या खात्यावर.

१६ एप्रिल
हेड कुंडलिकला दाखवलं. पट्टी ठेवली तर डुलायला लागली. म्हणाला, आधी खळगा व्हता, आता टेंगूळ आणलंत की ओ. अजून येळ हाय, पुण्याला चिठ्ठी धाडू का?
त्याची पट्टी वाकडी आहे. घरी येऊन हेड मीच बसवलं. खाली दोन गॅस्केट, म्हणजे फटीतून जोर निसटू नये म्हणून घालतात ते पातळ पत्रे, एकावर एक. जीव खाऊन आवळलं. एक बोल्ट तुटला. बाकीचे आहेत.

२२ एप्रिल, रविवार
ट्रायल. कालव्याच्या कडेने दीड मैल एका दमात! रस्ता उताराचा होता, पण तो योगायोग.
येताना ढकलत आणली. व्यायाम.

२४ एप्रिल
पांढरा शर्ट इस्त्रीला. गॉगल उसना आणला. वाक्य पाठ.

२५ एप्रिल, बुधवार, संध्याकाळ
चढाच्या मध्यावर फाडकन आवाज. गॅस्केटचा तुकडा उडून बाभळीत गेला. शर्टभर तेल.
पाच मिनिटांत मागून बैलगाडी. मानसिंगच. काही न विचारता उतरला, दोर काढला, फटफटी मागे बांधली. जत्रेला निघालेले हलगीवाले सोबत होतेच. पुन्हा तीच मिरवणूक, फक्त यंदा गॉगल घालून.
देवळापाशी मला राहवलं नाही. म्हणालो, मानसिंगराव, दोनदा केलंत, हे मी विसरणार नाही.
तो दोर गुंडाळता गुंडाळता थांबला. दोनदा? मागल्या सालीबी तुमीच व्हता व्हय? याद न्हाय बघा. ह्या चढाला दर जत्रंला कुणी ना कुणी आडकतंयच, म्या वढतो. हलगीवाल्यास्नी म्या न्हाय सांगत, त्ये आपल्या नादात वाजवत्यात.
वर्षभर मी ज्याचा सूड घोकला, त्याच्या लेखी मी कुणीच नव्हतो. रडू येतं की काय असं वाटलं.
त्याने जवळ बसवून भाकरी-ठेचा दिला. त्याच्या बायकोने, साखरबाईंनी, वाटलेला. रॉकेलचा वास नाही. दोन भाकऱ्या खाल्ल्या.
निघताना म्हणाला, फुडल्या साली चढाच्या आदीच हाक मारा, म्हंजी तुमचं कापड खराब व्हायचं न्हाय.
सौ.ला नवा पाटा आणणे. हेडसाठी पुण्याला चिठ्ठी.
आधी पाटा.