नाव आणि पत्ता

मेपलफर्ड, इलिनॉय
८ मे २००२

प्रिय वसुधावहिनी,

सप्रेम नमस्कार. आठ वर्षांनी माझं अक्षर बघून पाकीट न उघडता फेकू नकोस, एवढी विनंती. पत्ता तुझ्या शाळेत फोन करून मिळवला. आम्ही मजेत. राजेशचं ऑफिस चालू आहे, ग्रीन कार्डचा अर्ज लटकलाय, लेक आसावरी आता माझ्याशी इंग्लिशमध्येच भांडते. मे उजाडला तरी स्वेटर सुटत नाही.

खरं तर हे सांगायला बसलेच नव्हते. थांब, चहा ठेवून येते.

तर, आमच्या शेजारी अनूशआजी राहायच्या. आर्मेनियन, पंच्याण्णव वर्षांच्या. माझ्या व्हिसावर नोकरी करता येत नाही, म्हणून दुपारी त्यांच्याकडे जाऊन बसायचे. त्यांचं गाव तुर्कस्तानात. १९१५ साली गावातल्या पुरुषांना आधी नेऊन मारलं, मग बायकापोरांना पायी वाळवंटाकडे हाकललं. आजी आठ वर्षांच्या होत्या. आईच्या कडेवर तान्ही बहीण, आणि तीन वर्षांचा भाऊ हागोप चालेना. आईने त्याला झाडाखाली बसवलं, हातात भाकरीचा तुकडा दिला, म्हणाली, "बस हं, आम्ही आलोच." आजींनी मागे वळून पाहिलं, तर तो भाकरी खात होता.

दर वेळी एवढंच सांगायच्या. एक शब्द इकडचा तिकडे नाही. फेब्रुवारीत गेल्या गं.

एप्रिलमध्ये इथल्या लायब्ररीत त्यांचा फोटो लावला. खाली लिहिलं, 'वंशसंहारातून वाचलेली मुलगी.' लगेच कुणीतरी तक्रार केली. वंशसंहार वगैरे काही झालाच नाही, लढाईत दोन्हीकडची माणसं मेली म्हणे! मग पाटीवर 'युद्धकाळातील दुःखद घटना' लिहायचं का, यावर मीटिंग ठेवली. आजींची मुलगी सिरान माझ्याकडे आली. म्हणाली, "आम्ही बोललो तर म्हणतील, घरचेच आहेत. तू परकी. आईच्या तोंडून जे ऐकलंस तेवढंच सांग." मी हो म्हटलं.

इथे बोलायच्या आधी माइकवर आपलं नाव आणि पत्ता सांगावा लागतो, ते लिहून घेतात. राजेश आदल्या दिवशी म्हणाला, "सप्टेंबरच्या हल्ल्यापासून इथलं वातावरण बघतेस ना? आपलं नाव कशाला कुठल्या रेकॉर्डवर? आपल्याला काय करायचंय यार!"

माझा नंबर आला. माइकपर्यंत गेले. टेबलामागच्या बाई म्हणाल्या, "नाव आणि पत्ता?" आणि मी म्हटलं, "सॉरी, मी चुकून आले."

चुकून! निघताना माझा कोट खुर्चीवर राहिला होता, तो सिरानने उचलून हातात दिला. पाटीचा निर्णय येत्या मंगळवारी आहे.

तेव्हापासून मी घरभर फिरतेय. भात करपतो, फोन वाजला की दचकते. आणि वहिनी, डोळ्यांसमोर आजी येत नाहीत. तू येतेस.

तुझ्या दुःखाची आजींच्या दुःखाशी तुलना नाही करत. तेवढी अक्कल आहे मला. पण गप्प बसणारी मी मात्र दोन्हीकडे तीच.

आठवतं ना, तुझा हात भाजल्यावर घरात बैठक बसली होती. काकांनी मला विचारलं, "प्रतिमा, तू घरात होतीस. काय झालं?" आणि मी म्हटलं, "मी झोपले होते." मग सगळ्यांनी ठरवलं, पोळ्या करताना तुझा हात घसरला. तू माझ्याकडे बघितलंस. रडली नाहीस, भांडली नाहीस, दुसऱ्या दिवशी बॅग घेऊन गेलीस. मला लाज वाटते, वहिनी. आठ वर्षं वाटतेय.

मंगळवारी मी पुन्हा माइकवर जाणार आहे. राजेशला सांगितलं, तो दोन दिवस धड बोलत नाहीये. नको बोलू दे. पण त्याआधी जे सांगायचं होतं ते इथे लिहिते.

१९९४, भाऊबीजेची सकाळ. मी जागी होते, स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. तुझा हात घसरला नव्हता. संजयदादाने तो मनगटाला धरून तव्यावर दाबला. मी पाहिलं.

हे पत्र आईला दाखव, दादाला दाखव, वकिलाला दे. तुला वाटेल ते कर.

तुझी एके काळची नणंद,
प्रतिमा राजेश टेंबे
२१७, विलो लेन, मेपलफर्ड, इलिनॉय